रूल्फ डाइकेमांची दुसरी नोकरी

रूल्फ डाइकेमा पहिल्यांदा आमच्या दाराशी आले, तेव्हा बूट पायरीवर काढून मोज्यांनिशी आत आले. आमच्याकडे पाहुणे बुटांनिशीच घरात येतात; असं फक्त शेतकरी करतात, किंवा ज्यांचं आयुष्य दुसऱ्यांच्या गोठ्यांत गेलं अशी माणसं. उंच, किंचित वाकलेले, कान मोठे आणि वाऱ्याने लाल झालेले. काखेत थर्माकोलचा पांढरा खोका.

“बाई, मी शी न्यायला आलोय,” ते म्हणाले.

कुंपणापलीकडे आमच्या शेजारीण योहाना चादरी वाळत घालत होत्या. त्यांच्या हातातला चिमटा तसाच हवेत राहिला.

“हॉस्पिटलसाठी,” रूल्फनी मान वळवून त्यांनाही सांगितलं. “तुमची नकोय.”

फेब्रुवारीत माझ्या नवऱ्याचं, ओनोचं, एक मूत्रपिंड आमच्या सतरा वर्षांच्या मुलीला, रेन्स्केला, बसवलं होतं. शहरातल्या हॉस्पिटलात तेव्हा एक अभ्यास चालू होता. मूत्रपिंड घेणाऱ्याच्या आणि देणाऱ्याच्याही आतड्यांतले जिवाणू शस्त्रक्रियेनंतर कसे बदलतात, अँटिबायोटिकं त्यांचं काय करतात, हे त्यांना पाहायचं होतं. दोघांनी दर महिन्याला चमचाभर नमुना प्लास्टिकच्या नळीत भरायचा, नळी पिशवीत घालायची आणि पिशवी घरच्या फ्रीझरमध्ये ठेवायची. मग कोणीतरी कोरडा बर्फ घेऊन येणार आणि ती वितळू न देता प्रयोगशाळेत पोचवणार. ते कोणीतरी म्हणजे रूल्फ. विन्सुम गावापासून समुद्राच्या बांधापर्यंतची सगळी घरं त्यांच्याकडे होती.

ओनोने फ्रीझरच्या खालच्या खणावर चिठ्ठी लावली होती : ‘हे आइस्क्रीम नाही.’ रूल्फनी ती वाचली आणि गंभीरपणे मान डोलावली.

“बरं केलंत. मागच्या आठवड्यात एका आजीबाईंनी मला वाटाण्याच्या सुपाचा डबा दिला. अर्ध्या वाटेवर त्यांचा फोन. रूल्फ, माझं सूप परत आण.”

“मग?”

“मग काय, परत गेलो. त्यांनी ते गरम करून मलाही वाढलं. मी मात्र आधी दोनदा वास घेतला.”

रेन्स्के जिन्यात बसून ऐकत होती. ती हसली, पोटावरच्या टाक्यांवर हात दाबून ‘आई गं’ म्हणाली आणि पुन्हा हसली. मी लगेच उठले, तर तिने हातानेच मला खाली बसवलं.

रूल्फ अडुसष्ट वर्षांचे. पहिली नोकरी त्यांनी एक्केचाळीस वर्षं केली, दुधाचे नमुने गोळा करण्याची. संध्याकाळच्या धारेला एका गोठ्यात आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच्या धारेला पुन्हा त्याच गोठ्यात. प्रत्येक गाईची वेगळी छोटी बाटली, बाटलीवर गाईचा क्रमांक. त्या बाटल्यांवरून कळायचं की कुठल्या गाईच्या दुधाला साय चांगली, कुठलीची कास आतून सुजायला लागली आहे. शेतकरी त्यांना घाबरायचे आणि त्यांच्यासाठी कॉफीही करून ठेवायचे. निवृत्त झाल्यावर ते आठ महिने घरी बसले. नवव्या महिन्यात त्यांच्या बायकोने, ग्रीत्येने, वर्तमानपत्रातली एक जाहिरात कापून त्यांच्या ताटाशेजारी ठेवली. नमुने गोळा करायला माणूस हवा, गाडी चालवता यायला हवी. कशाचे नमुने ते जाहिरातीत नव्हतं. कळलं तेव्हा ग्रीत्ये म्हणाली, “एक्केचाळीस वर्षं शेणाचा वास घरात आणलास. आता हा?”

“बर्फात ठेवलं की वास येत नाही,” रूल्फ म्हणाले.

“सगळे नवरे असंच काहीतरी सांगतात.”

तरीही तिनेच त्यांना खोका ठेवायला सायकलींच्या खोपटात जागा करून दिली. घरात नाही.

त्यांची एक पद्धत होती. फ्रीझरमधून नळी काढून हातात दिली की आधी त्यावरची तारीख वाचायची, मग ज्याची नळी त्या माणसाकडे एकदा बघायचं, मग नळी खोक्यात. माणूस घरी नसेल तर विचारायचं, “कसे आहेत?” हे त्यांना कोणी शिकवलेलं नव्हतं. उलट नियम असा की आणणाऱ्याने नळ्यांत डोकावू नये. पण हात जुना. “दुधाचंही असंच होतं,” ते म्हणाले. “आधी गाय, मग बाटली. नुसती बाटली बघणारा फसतो.”

एप्रिलमध्ये ते दुसऱ्यांदा आले तेव्हा मला ‘बाई’ म्हणायचं त्यांनी सोडलं होतं. मी कॉफी ओतली. त्यांनी खिशातून फॉर्म काढला. मागच्या नमुन्यानंतर कुठलं अँटिबायोटिक घेतलं, हे त्यात दर वेळी भरायचं असे. ओनोची ओळ कोरी राहिली. रेन्स्केच्या ओळीत जागा पुरली नाही. शस्त्रक्रियेपासून फुप्फुसांच्या आजारापासून बचावासाठी रोज एक, सहा महिने चालणारं. मार्चमध्ये लघवीच्या मार्गात जंतुसंसर्ग झाला, आठवडाभर हॉस्पिटलात शिरेतून वेगळं. आणि मग एप्रिलचं.

एप्रिलचं लिहिताना माझा हात थांबला. त्या दिवशी रेन्स्केला थोडी कणकण होती. मी वॉर्डात फोन केला. डॉक्टर म्हणाले, जरा थांबू या, लघवीचा अहवाल येऊ दे. आमच्या देशातल्या डॉक्टरांचं हे आवडतं वाक्य. मी त्या वाक्यावर लहानाची मोठी झाले, दोन-चार वेळा इतरांनाही ऐकवलं असेल. पण त्या दिवशी मी थांबले नाही. संध्याकाळपर्यंत चार फोन केले. शेवटी गोळ्या मिळाल्या. अहवाल दोन दिवसांनी आला, अगदी स्वच्छ. तोवर गोळ्या पोटात गेल्या होत्या.

“दुधाला हे कसं कळतं, माहीत आहे?” रूल्फनी विचारलं. माझं पेन थांबलेलं पाहून विचारलं असावं. “गाईची कास सुजली की शेतकरी अँटिबायोटिक देतो. द्यायलाच हवं. पण मग तिच्या मागच्या पायाला लाल पट्टा बांधायचा. पट्टा आहे तोवर तिचं दूध मोठ्या टाकीत ओतायचं नाही. एका गाईचं चुकून गेलं, तर सगळ्या टाकीला विरजण लागत नाही, चीज होत नाही. दूध दिसतं तसंच असतं, पांढरं, गोड. पण त्यात काही जगत नाही.”

“मग कळतं कसं?”

“छोट्या कुपीत जांभळी खळ असते. त्यात जिवंत जिवाणू. वर थोडं दूध घालायचं, तीन तास गरम ठेवायचं. जिवाणू वाढले की जांभळं पिवळं होतं. जांभळंच राहिलं, तर समजायचं, मेले बिचारे.” त्यांनी कॉफी संपवली. “मी पिवळ्या कुप्या बघून खूश व्हायचो. ग्रीत्ये म्हणायची, याला बायकोपेक्षा जंतू प्रिय.”

जाताना मी त्यांना कांदा घालून मुरवलेल्या बिटाची बरणी दिली. आमच्याकडे बीट ओनो एकटाच खातो, पण वाडगाभर खातो. रेन्स्के बीट दिसलं तरी टेबलावरून उठते, हेही मी त्यांना सांगितलं.

मेमध्ये रेन्स्के बारीक व्हायला लागली. मी रोज सकाळी एका वहीत तिचं वजन, ताप, रक्तदाब आणि लघवीचं माप लिहीत होते. वजन तिने परस्पर सांगायला सुरुवात केली होती. मी काट्याजवळ उभी राहिलेली तिला चालत नव्हती.

“झालं का आज?”

“झालं.”

“कसं झालं?”

“सुरेख. पुढच्या वेळी फोटो काढून ठेवते. दिवाणखान्यात लाव.”

“रेन्स्के.”

“आई, माझ्या पोटाला तू नोकरीला ठेवलंयस का? रोज हजेरी घेतेस ती!”

न्हाणीघरात ती नळ सोडून ठेवायची. मला वाटलं, पाण्याचा आवाज आवडत असेल. तिच्या पँटच्या पट्ट्याला नवं भोक पाडलेलं मी पाहिलं. विचारलं तर म्हणाली, आता अशीच फॅशन आहे. मी विश्वास ठेवला, कारण मला ठेवायचा होता. घरात एकाने जरी बरं आहे म्हटलं तरी तेवढ्यापुरता मला श्वास घेता यायचा.

रूल्फ त्या महिन्यात बुधवारी आले. ओनो कालव्याच्या पंपघरात कामावर गेला होता. रेन्स्के स्वयंपाकघरात टेबलाला टेकून उभी होती. मी दोन्ही नळ्या दिल्या. रूल्फनी ओनोची नळी पाहिली, तारीख वाचली, विचारलं, “कसा आहे?” मी म्हटलं, मस्त. मग रेन्स्केची घेतली. तारीख वाचली. मग ती खिडकीच्या उजेडात धरली. पुन्हा ओनोची काढून तिच्या शेजारी धरली. मग रेन्स्केकडे पाहिलं, आणि बराच वेळ नजर काढली नाही.

“हिली,” ते मला म्हणाले, “बर्फ कमी पडेलसं वाटतंय. गाडीत अजून आहे. पोरीला नेतो जरा, झाकण धरायला.”

“मी येते ना.”

“तू नको. तुझे हात गरम असतात.”

याला काही अर्थ नव्हता. पण ते इतक्या साधेपणाने म्हणाले की मी माझ्या हातांकडे बघत राहिले, आणि ती दोघं बाहेर गेली.

मी खिडकीत उभी राहिले. गाडीची मागची दारं उघडी, आतून पांढरी वाफ खाली सांडत होती. दोघं मागच्या काठावर बसली होती, पाय खाली सोडून. रूल्फ नळ्या हातात धरून काहीतरी विचारत होते. रेन्स्केने मान हलवली, नाही, नाही. मग हलवायची थांबली. मग तिचे खांदे हलायला लागले. मी दाराकडे गेले, कडीवर हात ठेवला आणि परत खिडकीशी आले. रूल्फनी तिला जवळ घेतलं नाही, पाठीवर हातही ठेवला नाही. खिशातून टॉवेलएवढा मोठा रुमाल काढून तिच्या मांडीवर ठेवला आणि समोरच्या मेंढ्यांकडे बघत बसले.

तिथे काय बोलणं झालं ते रेन्स्केने मला नंतर सांगितलं, थोडं त्याच दिवशी, बाकीचं पुढे महिनाभर तुकड्या-तुकड्यांनी.

“पोरी,” रूल्फ म्हणाले होते, “हा लाल रंग रक्ताचा की बिटाचा? रक्त असेल तर अशीच गाडीत बस, बूट घालायलाही जाऊ नकोस, अर्ध्या तासात हॉस्पिटलच्या दारात सोडतो. बीट असेल, तर हे पोट कोणाचं ते सांग.”

“बीट.” मग हळूच, “बाबांचं.”

“आणि तुझं कुठे आहे?”

“माझं नळीत भरता येत नाही. नुसतं पाणी असतं.”

“किती दिवस?”

“अकरा.”

“आईला सांगितलं नाहीस?”

“आईला सांगितलं तर ती दहा फोन करेल. मग मला परत नेतील, परत सलाइन, परत अँटिबायोटिक. माझी शाळा आत्ताच तर पुन्हा सुरू झालीय. आणि बाबा...” इथे ती थांबली होती. “बाबा रोज सकाळी विचारतात, आपली किडनी काय म्हणते? काय सांगू त्यांना? तुमची किडनी मी वाया घालवतेय, असं सांगू?”

मग रूल्फनी तिला टोन्कोची गोष्ट सांगितली. टोन्को त्यांचा शाळेपासूनचा मित्र, बांधाच्या कडेला त्याचा गोठा. एकदा त्याच्या बाटल्या उचलताना रूल्फना दिसलं की तेरा गाईंच्या बाटल्यांत एकाच गाईचं दूध आहे. साय सगळ्यांत सारखी, पिवळटपणा सारखा. टोन्कोच्या गाईंत आजार शिरला होता आणि तो कळू नये म्हणून त्याने चांगल्या गाईचं दूध सगळीकडे भरलं होतं.

“तो माझ्याकडे बघत होता. मी बाटल्या उचलल्या, टोपी घातली आणि निघालो. मला वाटलं, मैत्री निभावली. हिवाळा येईतो आजार सगळ्या गोठ्यात पसरला. वसंतात त्याने गाई विकल्या. अजून बाजारात भेटतो. हसतो, ग्रीत्येची चौकशी करतो. एकदा तरी म्हणाला असता, रूल्फ, तू बोलायला हवं होतंस. तेही म्हणत नाही. तेच जड जातं.”

मग ते म्हणाले, “आता तुझं. नियमाने मला काही दिसलेलं नाही, मी खोका नेणारा माणूस. पण ही नळी मी नेणार नाही. तू आत जाऊन आईला सांग, मी शेजारी बसतो. तू सांगितलं नाहीस तर मी सांगेन. मग माझी नोकरी जाईल आणि मी पुन्हा दिवसभर घरात. ग्रीत्येची तरी दया कर.”

रेन्स्के म्हणते, तेव्हा ती रडता रडता हसली, आणि त्याच रुमालात नाक शिंकरलं.

ती आत आली. रूल्फ मागून आले आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसले.

“आई, ओरडू नकोस.”

“मी कधी ओरड—”

“आणि रडूही नकोस. मला आधी संपवू दे.” तिने माझ्याकडे न बघता टेबलावरची वही माझ्यापुढे सरकवली. “लिही. दोन तारखेपासून. पहिल्या दिवशी चार वेळा. दुसऱ्या दिवशी सहा. मग रोज आठ-नऊ. वजन मी सांगितलं ते खोटं. खरं तीन किलोने कमी आहे. काल पाय वळत होते. आज सकाळी उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली.”

मी लिहीत गेले. शाळेत मी बावीस वर्षं मुलांना इतिहास शिकवते, सनावळ्या लिहायची सवय आहे. त्या दिवशी दोन आकडा नीट उमटेना. लिहून झालं तेव्हा मी फोनकडे हात नेला, पण रेन्स्केने आधी उचलला.

“मी बोलते,” ती म्हणाली. “पोट माझं आहे.”

तिने वॉर्डात फोन करून सगळं नीट सांगितलं, आकड्यांसकट. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. ती म्हणाली, “नाही, आत्ताच निघतो.” मी ओनोला कळवलं आणि गाडीच्या किल्ल्या शोधायला लागले. त्या माझ्याच हातात होत्या. रूल्फनी त्या अलगद काढून घेतल्या. “मी चालवतो. तू मागे बस तिच्याजवळ. माझी गाडी इथेच राहू दे, योहानाबाई राखण करतील, नाहीतरी बघतच असतात.”

हॉस्पिटलात कळलं ते असं. शरीराने नवं मूत्रपिंड परकं म्हणून नाकारू नये यासाठी रेन्स्के ज्या गोळ्या घेते, त्यांतल्या एकीचं रक्तातलं प्रमाण जुलाबांमुळे जवळपास दुप्पट झालं होतं. अंगातलं पाणी संपत आलं होतं. या दोन्हींचा भार ओनोच्या, म्हणजे आता तिच्या, मूत्रपिंडावर पडत होता आणि ते थकायला लागलं होतं. आतड्यात एक वाईट जिवाणू माजला होता. एरवी तो कोपऱ्यात गप्प पडून राहतो, कारण भोवती चांगल्या जिवाणूंची दाटी असते. लागोपाठच्या अँटिबायोटिकांनी ती दाटीच झाडून काढली होती.

“एप्रिलच्या गोळ्यांनी झालं का?” मी विचारलं. डॉक्टर माझ्याहून लहान होत्या, शांत होत्या.

“त्यांनीही. मार्चच्या औषधानेही. रोजच्या गोळीनेही. आणि शस्त्रक्रियेनेही पोट बदलतंच. यातलं एक उचलून बाजूला काढता येत नाही.”

“अजून चार दिवस गेले असते तर?”

त्यांनी कागद उलटला आणि उपचार सांगायला लागल्या. उपचार पुन्हा अँटिबायोटिकच, पण आतड्यातच राहून त्या एका जिवाणूला मारणारं. रोजची गोळी चालू ठेवायची का, याचा त्या विचार करणार होत्या. आणि आजार उलटलाच, तर निरोगी अनोळखी माणसाच्या शीमधले जिवाणू आतड्यात सोडण्याचाही एक उपाय होता.

“आधी बाबांची किडनी,” रेन्स्के उशीवरून म्हणाली, “आता कोणाची तरी शी. माझ्यात माझं काय उरणार?”

“जीभ,” ओनो म्हणाला. “ती पुरती तुझी आहे.”

तो पंपघरातून थेट आला होता, बुटांना चिखल. पलंगाच्या कडेला बसला. त्याला बोलायला वेळ लागतो. “रेन्स्के,” तो म्हणाला, “फेब्रुवारीपासून ती किडनी तुझीच आहे. माझी असती तर माझ्या पोटात असती. मी सकाळी विचारायचो ते काहीतरी बोलायचं म्हणून. आता नाही विचारणार.”

“विचारा ना,” ती म्हणाली. “पण आधी माझं विचारा, मग तिचं.”

नऊ दिवस ती तिथे होती. मूत्रपिंड किती थकलंय ते सांगणारा रक्तातला आकडा पहिले तीन दिवस चढतच गेला. त्या तीन दिवसांबद्दल मला लिहिता येत नाही. चौथ्या दिवशी तो थांबला, पाचव्या दिवशी किंचित उतरला. फेब्रुवारीच्या जागी तो पूर्ण परतला नाही, जरासा वर राहिला. डॉक्टर म्हणाल्या, एवढ्यावर ती अनेक वर्षं जगेल. आजार उलटला नाही, अनोळखी माणसाची गरज पडली नाही.

रूल्फनी आपण नळीत डोकावल्याचं स्वतःच ऑफिसला कळवलं होतं. जूनमध्ये ते आले तेव्हा खिशात पत्र होतं. “यापुढे नमुन्यांकडे बघू नये, असं लिहिलंय. मी उत्तर दिलं, बघणार नाही. गाडी डोळे मिटून चालवू की उघडे ठेवून, तेही विचारलंय.” नोकरी राहिली. ग्रीत्ये सुटली.

त्या दिवशी मी त्यांना एप्रिलच्या गोळ्यांबद्दल सांगितलं. चार फोनांबद्दल, स्वच्छ अहवालाबद्दल. कोणाला तरी सांगायचं होतंच.

“हिली,” ते म्हणाले, “गाईला औषध देणाऱ्याला मी कधी लबाड म्हटलं नाही. जनावर कण्हत असेल तर माणूस काय करणार? लाल पट्टा न बांधणारा तो लबाड. तू तर फॉर्मवर लिहिलंस. मी बघितलंय, जागा पुरली नव्हती.”

फॉर्मवर मी सगळं लिहिलं होतं हे खरं. पण माझी मुलगी माझ्याच घरात अकरा दिवस नळ सोडून बसली होती, कारण तिला स्वतःच्या आजारापेक्षा माझ्या काळजीची भीती वाटत होती. हे कुठल्या फॉर्मवर लिहायचं? रूल्फना ते समजलं असावं. ते उगाच धीर देत नाहीत. त्यांनी कप उचलून नळाखाली धुतला, उपडा ठेवला आणि म्हणाले, “मुलगी बोलली ना शेवटी. टोन्को नाही बोलला.”

त्यानंतर मी रेन्स्केला सकाळी विचारायचं बंद केलं. हे लिहायला सोपं आहे. पहिल्या आठवड्यात मी सकाळी सात ते आठ बागेत जाऊन तण उपटायचे, नसलेलंसुद्धा. योहानांनी कुंपणावरून विचारलं, “हिली, गाजरं पण उपटतेयस का?” खरंच उपटली होती.

सप्टेंबरात एका सकाळी रूल्फ येऊन बसले होते. रेन्स्के शाळेचं दप्तर पाठीवर अडकवत धावत खाली आली. गाल भरलेत आता तिचे, गोळ्यांनी थोडे सुजलेही आहेत. ते तिला आवडत नाहीत, मला आवडतात.

“आई, आज तीन वेळा. पातळ. ताप नाही, मोजला. काल मैत्रिणीकडे तळलेलं हाणलं, त्यामुळे असेल. पाणी पितेय. रूल्फ, नळी खणात आहे. माझीच आहे, हवं तर शपथ घेते.”

“मी बघत नाही,” रूल्फ म्हणाले. “मला पत्र आलंय.”

दार आपटलं. सायकलची घंटी वाजली आणि रस्त्याच्या वळणापर्यंत वाजतच गेली. माझा हात टेबलावरच्या फोनपर्यंत पोचला होता. तीन वेळा. मेमध्ये पहिल्या दिवशी चार होते.

“कशी गेली ती?” रूल्फनी विचारलं.

“सायकलने.”

“वारा कुठला आहे?”

“समोरचा.”

“मग समोरच्या वाऱ्यात सायकल मारतेय,” ते म्हणाले, आणि साखरेचं भांडं माझ्याकडे सरकवलं. “चार झाले तर काय करायचं ते तिला माहीत आहे का?”

“माहीत आहे.”

“आणि ती करेल?”

मी विचार केला. मग फोन पालथा ठेवला आणि त्यांच्यासमोर बसले.

दुपारी दोन वाजता, मी वर्गात फळ्याकडे तोंड करून उभी असताना, पिशवीतला फोन किणकिणला. मुलं हसली, कारण वर्गात फोन बंद ठेवा असं मीच त्यांना सांगते. रेन्स्केचा संदेश होता : ‘अजून तीनच.’

मी विचारलं नव्हतं.